फुलीगोळा आधी वहीत, मग क्लासात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्राच्या घडीत घालून येणाऱ्या हँडबिलांत हल्ली दहावी-बारावीच्या शिकवण्यांच्या जोडीला शेअर ट्रेडिंगचे क्लास आले आहेत. बेळगावच्या टिळकवाडी, शहापूरपासून खानापूर, निपाणीपर्यंत ही पत्रके पोचतात. कँडलस्टिक आणि ऑप्शनच्या यादीत आता ‘पॉइंट अँड फिगर’ (भावाचे चढ-उतार फुल्या-गोळ्यांनी मांडण्याची चार्टपद्धत) हे नावही दिसते आणि त्यापुढे ‘दोन दिवसांत संपूर्ण’, ‘भावनाविरहित ट्रेडिंग’ अशी विशेषणे. पद्धत चांगली आहे, यात शंका नाही. पण ती ऐकून येत नाही, गिरवून येते. त्याला लागते काय, तर शाळेतली चौकोनी वही, पेन्सिल, खोडरबर आणि रोजचा भाव. एवढ्या साहित्यावर ज्याने शंभर दिवसांचा तक्ता हाताने काढला त्याला पुस्तकही समजते आणि क्लासची पारखही होते. ज्याने आधी फी भरली त्याच्या हाती बहुधा सॉफ्टवेअरची वर्गणी उरते. म्हणून फी भरण्याआधी घरी काय करून बघावे, ते इथे सविस्तर मांडतो.

फुलीगोळ्याचा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. हा चार्ट दिसायला तसाच. भाव चढत असेल तर रकान्यात खालून वर फुल्या, उतरत असेल तर वरून खाली गोळे. क्लासात यांनाच एक्स आणि ओ म्हणतात. दिशा बदलली की उजवीकडे नवा रकाना. डावीकडे भावाची शिडी असते, खाली तारखा नसतात. आठवडाभर शेअर जागचा हलला नाही तर आठवडाभर वहीत काहीच उमटत नाही, आणि एखाद्या दिवशी एकदम वीस गोळे पडतात. काळाचा थोडाफार पत्ता लागावा म्हणून महिन्यातल्या पहिल्या खुणेच्या जागी महिन्याचा आकडा लिहिण्याचा जुना रिवाज आहे: जानेवारीला १, सप्टेंबरला ९ आणि ऑक्टोबरपासून ए, बी, सी, कारण एका घरात दोन आकडे मावत नाहीत.

वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय पेन्सिल टेकवू नये. बॉक्स केवढा, म्हणजे एका घराची किंमत किती. रिव्हर्सल किती घरांचे, म्हणजे किती उलटले की नवा रकाना सुरू करायचा. आणि भाव कोणता घ्यायचा, दिवसाचा बंद भाव की उच्चांक-नीचांक. यांतले एक जरी बदलले तरी त्याच शेअरचा चार्ट वेगळा निघतो. म्हणून ‘अमुक शेअरने पॉइंट अँड फिगरवर बाय दिला’ या वाक्याला हे तीन तपशील जोडल्याखेरीज काडीचा अर्थ नाही.

पहिली ठेच बॉक्सलाच लागते. अमेरिकी पुस्तकांत बॉक्सचा एक तयार तक्ता असतो: ५ ते २० डॉलरच्या शेअरला अर्ध्या डॉलरचा बॉक्स, २० ते १०० ला एका डॉलरचा, १०० ते २०० ला दोन डॉलरचा. डॉलर खोडून तिथे रुपये लिहिले की झाले, असे समजून पुष्कळ जण तोच वापरतात. जरा हिशेब करून बघा. २० च्या शेअरला १ चा बॉक्स म्हणजे ५ टक्के, तर ९९ च्या शेअरला जेमतेम १ टक्का. एकाच पट्ट्यात पाचपट फरक. आपल्याकडे ८० रुपयांचा शेअर आणि १२ हजारांचा शेअर शेजारी शेजारी बघायचा असतो, तिथे टक्क्यांचा बॉक्स सोयीचा पडतो. त्याची शिडी कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत तयार होते. एक टक्क्यासाठी आधीच्या पायरीला १.०१ ने गुणत जायचे: ५००, ५०५, ५१०.०५, ५१५.१५, ५२०.३०. दर वेळी ५ रुपयेच मिळवत गेलात तर ती टक्क्यांची शिडी राहत नाही, रुपयांची होते.

काही आठवड्यांच्या सौद्यांसाठी १ टक्का, लांबच्या गुंतवणुकीसाठी ३ टक्के हे सुरुवातीला पुरे. पाव टक्क्याचा बॉक्स हँडबिलात आकर्षक दिसतो, कारण त्यात संकेतांचा पाऊस पडतो. पण डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या, सौद्यात खरेदीवर ०.१ आणि विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा कर) आणि खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, असे ०.२१५ टक्के सरकारच घेते. ब्रोकरेज आणि डीपीचे, म्हणजे डीमॅट खाते सांभाळणाऱ्याचे, शुल्क निराळे. म्हणजे एका घराची कमाई हिशेबाआधीच संपली. इंट्राडेला, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याला, हा कर कमी आहे खरा, पण तिथे सौद्यांची संख्या वाढते आणि गोळाबेरीज पुन्हा तिथेच येते.

आता प्रत्यक्ष गिरवणे. समजा बॉक्स ५ रुपये, रिव्हर्सल ३ घरांचे, भाव उच्चांक-नीचांक. चालू रकाना फुल्यांचा असून शेवटची फुली ५०० वर आहे.

पहिल्या दिवशी उच्चांक ५०९, नीचांक ४९६. ५०५ गाठले, तिथे फुली. ५०९ म्हणजे जवळपास ५१० असे इथे चालत नाही. घर गाठले तरच खूण. आणि फुली पडली की त्या दिवसाचा नीचांक बघायचाच नाही. दुसऱ्या दिवशी ५०८ आणि ४९१. वर नवी फुली नाही, म्हणून आता खाली नजर. ५०५ मधून तीन घरे म्हणजे १५ वजा, ४९०. एक रुपयाने हुकले. वहीत काही लिहायचे नाही. तिसऱ्या दिवशी ५०७ आणि ४८९. ५१० झाले नाहीत, पण ४९० गाठले. उजवीकडे नवा रकाना आणि त्यात ५००, ४९५, ४९० वर तीन गोळे. पहिला गोळा शेवटच्या फुलीच्या ओळीत नाही, एक घर खाली. चौथ्या दिवशी ५०४ आणि ४८४. रकाना गोळ्यांचा आहे, म्हणून आधी नीचांक. ४८५ गाठले, गोळा.

इथेच दहातले आठ जण चुकतात. ४८५ मध्ये १५ मिळवले की ५०० होतात, आणि उच्चांक तर ५०४ आहे, मग फुल्यांचा रकाना का सुरू करू नये? कारण एका दिवसाला एकच दिशा. उच्चांक आधी लागला की नीचांक, हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही. म्हणून चालू दिशेला पहिला मान, आणि ती पुढे सरकली की उलटी दिशा त्या दिवसापुरती बाद. पाचव्या दिवशी ५०१ आणि ४८६. ४८० आले नाहीत, ५०० गाठले. आता नवा रकाना आणि ४९०, ४९५, ५०० वर फुल्या. सहाव्या दिवशी ५१२ आणि ४९७. ५०५, ५१० अशा आणखी दोन. आधीच्या फुल्यांच्या रकान्याचे टोक ५०५ वर होते, हा रकाना ५१० वर गेला. याला ‘डबल टॉप बाय’ म्हणतात. सहा दिवसांचे बारा आकडे आणि वहीत फक्त दोन नवे रकाने.

चार्ट कोऱ्या पानावर सुरू कसा करायचा, हे बरीच पुस्तके सांगतच नाहीत. पहिल्या दिवसाचा बंद भाव डावीकडच्या शिडीवर टिंबाने नोंदवावा. तिथून ज्या बाजूला आधी तीन घरे भरतील तो पहिला रकाना. पहिल्या दोन-तीन रकान्यांवर कसलाही निर्णय घेऊ नये. शिडीचे आकडे पानाच्या दोन्ही कडांना लिहावेत. एकाच कडेला लिहिले की उजवीकडे सरकता सरकता ओळ चुकते आणि ४९५ चा गोळा ४९० वर जाऊन बसतो. ही चूक पुढच्या प्रत्येक रकान्यात उतरते, आणि सापडते तेव्हा अर्धे पान खोडावे लागते.

बंद भाव आणि उच्चांक-नीचांक या दोन पद्धतींत किती अंतर पडते ते ४ जून २०२४ च्या निफ्टीवरून, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरच्या निर्देशांकावरून, बघावे. निवडणूक निकालाचा तो दिवस. आदल्या दिवशीचा उच्चांक २३,३३८ आणि बंद २३,२६३ होता. निकालाच्या दिवशी नीचांक २१,२८१ आणि बंद २१,८८४. १०० अंकांचा बॉक्स धरला तर उच्चांक-नीचांक पद्धतीत शेवटची फुली २३,३०० वर आणि मग २३,२०० पासून २१,३०० पर्यंत वीस गोळे. बंद भावाच्या पद्धतीत शेवटची फुली २३,२०० वर आणि गोळे २३,१०० ते २१,९००, म्हणजे तेरा. एकाच दिवशी एकाच निर्देशांकाच्या दोन वह्यांत सात घरांचा फरक. दुसऱ्या दिवशी निफ्टी २२,६२० वर बंद झाला तेव्हा दोन्हींत फुल्यांचा रकाना सुरू झाला, पण वेगवेगळ्या तळापासून. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चुकीची नाही. गल्लत होते ती पुस्तक एका पद्धतीचे, सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीवर आणि क्लासचा दाखला तिसऱ्याच बॉक्सचा असला की.

नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्याने बंद भावापासून सुरुवात करावी. दिवसाला एकच आकडा, साडेतीनला बाजार उठल्यावर निवांत नोंद, दिवसभर मोबाईल बघण्याची गरज नाही. फक्त ‘बंद भाव’ म्हणजे अॅपवर शेवटी दिसलेला भाव नव्हे, हे लक्षात असावे. एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी बंद भाव म्हणून धरण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. दोन्हींत रुपया-दोन रुपयांचा फरक असतो आणि नेमका त्यावरच एखादे घर हुकते. एनएसईच्या संकेतस्थळावर रोज संध्याकाळी ‘भावकॉपी’, म्हणजे दिवसाच्या सगळ्या भावांची यादी, फुकट मिळते. त्यात ‘ईक्यू’ (साध्या शेअरच्या) मालिकेची ओळ घ्यावी आणि रोज तोच स्रोत ठेवावा.

या चार्टवर तारखा नसल्या तरी दिवस गाळून चालत नाही. दिवाळीत किंवा गणपतीत वर्तमानपत्राला सुट्टी असते, तेव्हा राहिलेले भाव मागाहून क्रमाने भरावे लागतात. आपल्या सीमाभागात आणखी एक भानगड: बाजाराच्या सुट्ट्या मुंबईच्या असतात, आपल्या सरकारी सुट्ट्या बंगळूरच्या. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, सोमवार ते शुक्रवारात आला तर इथली कचेरी बंद आणि बाजार चालू असू शकतो. मधला दिवस गळला आणि त्या दिवशीच तीन घरांची उलटापालट झाली असेल, तर वहीतला एक अख्खा रकाना बेपत्ता होतो.

बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) यांची काळजी तर घ्यायलाच हवी. रिलायन्सचा एकास एक बोनस २८ ऑक्टोबर २०२४ ला भावात उतरला. शुक्रवारी २,६५० च्या घरात असलेला शेअर सोमवारी १,३३० च्या घरात दिसू लागला. कंपनीचे काहीही बिघडले नव्हते, फक्त शेअर दुप्पट झाले होते. भावकॉपीतले आकडे मागचे भाव दुरुस्त करून देत नाहीत. ते तसेच वहीत उतरवले तर १ टक्क्याच्या शिडीवर जवळजवळ सत्तर गोळ्यांची रांग लागते आणि भयंकर विक्री-संकेत दिसतो. अशा वेळी मागच्या सगळ्या भावांना दोनने भागून चार्ट पुन्हा काढावा लागतो. हाताने काढणाऱ्याला हे काम जड वाटते, पण टक्क्यांची शिडी असेल तर आकृती तीच राहते, फक्त कडेचे आकडे निम्मे लिहिले की भागते. टक्क्यांच्या बॉक्सचा हा फायदा पुस्तकात क्वचितच सांगितलेला असतो.

आता संकेतांकडे. मूळ नियम दोनच. फुल्यांचा रकाना मागच्या फुल्यांच्या रकान्याच्या वर एक घर गेला तर खरेदी. गोळ्यांचा रकाना मागच्या गोळ्यांच्या खाली एक घर गेला तर विक्री. ट्रिपल टॉप, कॅटापल्ट, ट्रँगल या नावांच्या आकृत्या (पॅटर्न) ही सगळी या दोन नियमांचीच नातवंडे. क्लासच्या पत्रकात ‘३५ पॅटर्न’ लिहिलेले असते तेव्हा त्यातले बहुतेक असेच एकाच घरातले असतात.

नावाचा मात्र मोठा घोळ आहे. कँडलच्या, म्हणजे मेणबत्तीसारख्या खुणांच्या, चार्टवर ‘डबल टॉप’ म्हणजे दोनदा डोके आपटून भाव खाली येण्याची खूण, विक्रीची. इथे ‘डबल टॉप बाय’ म्हणजे मागचे टोक ओलांडले, खरेदीची. मराठीत दोघांनाही ‘दुहेरी शिखर’ म्हटले की विद्यार्थी कपाळाला हात लावतो. भाषांतर करणाऱ्यांनी इथे इंग्रजी नाव तसेच ठेवावे किंवा सरळ ‘टोक ओलांडले’ असे लिहावे.

खरेदीच्या संकेताबरोबर बाहेर पडण्याची जागाही (स्टॉपलॉस) चार्टवरच मिळते. वरच्या उदाहरणात मधल्या गोळ्यांचा तळ ४८५ वर आहे. तो मोडला, म्हणजे ४८० ला गोळा पडला, की विक्री. ५१० ला घेतले आणि ४८० ला सोडले तर शेअरमागे ३० रुपये जोखीम. एक लाखाचे भांडवल असून एका सौद्यात एक टक्का, म्हणजे १,००० रुपयेच गमवायची तयारी असेल तर हजार भागिले ३०, असे ३३ शेअर. गुंतवणूक १६,८३० रुपये. शंभर शेअर घेतले तर तोच स्टॉपलॉस तीन हजारांचा होतो. बंद भावाच्या पद्धतीत संकेत साडेतीननंतर कळतो आणि खरेदी दुसऱ्या सकाळी होते, तीही कधी ५१० ऐवजी ५१८ ला. मग जोखीम ३८ रुपये आणि शेअर २६. हा फेरहिशेब दर वेळी करायचा. बरेचसे नुकसान संकेत चुकल्याने होत नाही. शेअरची संख्या आधीच ठरवून टाकल्याने होते.

बाजार आडवा चालला की ही पद्धत त्रास देते. फुल्यांनी टोक ओलांडायचे, लगेच तीन गोळे. गोळ्यांनी तळ मोडायचा, लगेच तीन फुल्या. असे चार-पाच संकेत एकामागून एक वाया जातात. त्यावर पंचेचाळीस अंशांची रेघ हा जुना उपाय आहे. सर्वांत खालच्या गोळ्याच्या एक घर खालून सुरू करून प्रत्येक रकान्याला एक घर वर चढत जायचे. आपल्या उदाहरणात ४८० पासून. भाव रेघेच्या वर आहे तोवर फक्त खरेदीचे संकेत घ्यायचे. तीन घरांच्या चार्टवर ही रेघ पट्टी न लावता घरे मोजून काढता येते, दोन माणसांच्या दोन रेघा निघत नाहीत. तिरक्या रेघांवरून कँडलवाल्यांत जे वाद होतात ते इथे नाहीत, हे या पद्धतीचे मोठे सुख.

उद्दिष्टाचा हिशेब, ज्याला ‘काउंट’ म्हणतात, तो क्लासात सर्वांत जास्त टाळ्या घेतो आणि सर्वांत जास्त चुकीचा वापरला जातो. तळातून उठलेल्या फुल्यांच्या रकान्याची घरे मोजायची, त्यांना बॉक्सने आणि रिव्हर्सलने गुणायचे आणि रकान्याच्या तळात मिळवायचे. ४९० पासून ५२५ पर्यंत आठ फुल्या झाल्या तर आठ गुणिले ५ गुणिले ३, म्हणजे १२०, उद्दिष्ट ६१०. पण त्यापुढे गोळ्यांचा रकाना पडेपर्यंत हा हिशेब पक्का होत नाही, कारण नववी फुली पडली की उद्दिष्ट ६२५ होते. टक्क्यांच्या शिडीवर तर आठ गुणिले तीन म्हणजे २४ टक्के हे उत्तरच चूक. तिथे १.०१ चा चोविसावा घात घ्यावा लागतो, तो सुमारे १.२७, म्हणजे २७ टक्के. आणि उद्दिष्ट म्हणजे भावाने दिलेला शब्द नाही. ते गाठलेच जाईल असे जो शिकवतो त्याने जुन्या चार्टवरचे हुकलेले काउंट दाखवावेत.

पुस्तकांविषयी थोडे. या नोंदवहीच्या पद्धतीचा उल्लेख अमेरिकी पत्रकार चार्ल्स डाऊ यांच्या लिखाणात १९०१ सालीच येतो. तिच्यावरचे व्हिक्टर डि व्हिलियर्स यांचे पुस्तक १९३३ चे. त्या काळी एक घराचे रिव्हर्सल चाले, दिवसभरातल्या प्रत्येक चढ-उताराची नोंद होई आणि त्यात एका रकान्यात फुली आणि गोळा दोन्ही येऊ शकत. तीन घरांची पद्धत पुढे ए. डब्ल्यू. कोहेन यांच्या चार्टक्राफ्ट या चार्ट-सेवेने रूढ केली. जुने पुस्तक हाती घेतले तर पहिल्यांदा हे तपासावे की लेखक कोणत्या रिव्हर्सलबद्दल बोलतो आहे. एक घराच्या चार्टवरचा आडवा काउंट (रकान्यांची संख्या मोजून काढलेले उद्दिष्ट) तीन घरांच्या चार्टवर जशाचा तसा लावणारे पुष्कळ भेटतात. पुस्तक वाचताना चार्ट छापलेल्या पानावर पुढचे रकाने पोस्टकार्डाने झाकावेत, स्वतः निर्णय लिहावा आणि मगच कार्ड सरकवावे. छापलेले चार्ट लेखकाने निवडलेले असतात. त्यांत अपयश कमी दिसणारच. म्हणून एका प्रकरणानंतर एक स्वतःचा चार्ट, असा पाठ ठेवला तर २०० पानांच्या पुस्तकाला तीन महिने लागतात. लागू द्यावेत.

सरावाला शेअरच हवा असेही नाही. बेळगावच्या एपीएमसीतल्या (कृषी बाजार समितीतल्या) जवारी बटाट्याचा क्विंटलचा भाव ५० रुपयांच्या बॉक्सवर काढून बघा. बाजार रोजचा नसला तरी बिघडत नाही, कारण चार्टला तारीखच नाही. मात्र तिथे किमान आणि कमाल भाव हा मालाच्या प्रतीतला फरक असतो, दिवसातला चढ-उतार नव्हे. म्हणून उच्चांक-नीचांक पद्धत तिथे लावणे चूक. एकच प्रत धरून तिचा सर्वसाधारण दर घ्यावा. हे कळले की ‘कोणता भाव घ्यायचा’ या प्रश्नाचे महत्त्व डोक्यात पक्के बसते.

क्लासला जायचेच असेल तर फी भरण्याआधी काही गोष्टी तोंडावर विचाराव्यात. पहिल्या दिवशी हाताने चार्ट काढून घेणार का? बॉक्स का निवडला ते सांगणार का? बोनसनंतर काय करायचे ते शिकवणार का? एकाच शेअरचे सलग वर्षभरातले सगळे संकेत, फसलेल्यांसकट, दाखवणार का? शेवटच्या प्रश्नाला ‘आमचा स्ट्राइक रेट ८० टक्के आहे’ असे उत्तर आले तर नमस्कार करून उठावे, कारण संकेत किती वेळा बरोबर आले यापेक्षा चुकल्यावर किती रुपये गेले, हा खरा हिशेब.

सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणीही बघावी. शेअर सुचवणाऱ्या रिसर्च अॅनालिस्टचा नोंदणी क्रमांक ‘आयएनएच’ ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ ने सुरू होतो; सेबीच्या संकेतस्थळावर नाव घालून पडताळता येतो. ‘आम्ही फक्त शिकवतो’ असे म्हणणाऱ्यांसाठी सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात अट घातली की मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून एखाद्या शेअरचे नाव घेत पुढचा भाव किंवा सल्ला सूचित करता येणार नाही. पॉइंट अँड फिगर शिकायला ही अडचण मुळीच नाही. गेल्या वर्षीचे २०० दिवसांचे भाव सरावाला उलट चांगले, कारण पुढे काय झाले ते पडताळता येते. आज सकाळचा चार्ट दाखवून ‘बघा, बाय आला’ म्हणणारा शिकवत नसतो, टिप देत असतो.

आणि ही पद्धत ऑप्शनच्या एक मिनिटाच्या चार्टवर लावून विकली जात असेल तर दुप्पट सावध. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले; एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. फुल्या-गोळे काढल्याने त्या बाजाराचे गणित बदलत नाही.

जाता जाता, हाताने करता येण्याजोगे एक मोठे काम. निफ्टीतल्या पन्नासही शेअरचे चार्ट काढले तर त्यांपैकी किती खरेदीच्या संकेतावर आहेत याची टक्केवारी निघते. तिला ‘बुलिश पर्सेंट’ म्हणतात. तिचा चार्ट २ टक्क्यांच्या बॉक्सने काढायचा असतो, आणि पन्नासातला एक शेअर म्हणजे बरोबर २ टक्के. ७० च्या वर बाजार तापलेला, ३० च्या खाली गारठलेला, असा ठोकताळा. पाच-सहा मित्रांनी आठ-दहा शेअर वाटून घेतले तर दिवसाला प्रत्येकी दहा मिनिटांचे काम आहे. वाचनालयाच्या टेबलावर बसूनही होते.

यासाठीच आपल्याला एक विनंती. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर शेअरचा फक्त बंद भाव आणि टक्केवारी येते. निवडक दहा शेअर आणि निफ्टी यांचे दिवसाचे उच्चांक आणि नीचांक त्याच ओळीत छापावेत, आणि त्या दिवशी एखाद्या शेअरचा बोनस वा स्प्लिट भावात उतरला असेल तर नावापुढे तारांकन द्यावे. खेडोपाडीच्या ज्या वाचकांकडे संगणक नाही त्यांनाही वही भरता येईल. जागेची अडचण असेल तर टक्केवारीचा रकाना वगळला तरी चालेल; ती आदल्या दिवशीच्या अंकावरून कोणालाही काढता येते.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव